चेतक चिरतरुण ठेवण्याची रीत

लष्करासाठी हलके, पडेल ते काम करणारे हेलिकॉप्टर निवडण्याची जबाबदारी उद्या आपल्यावर आलीच, तर सर्वप्रथम त्याचे बारसे उरकून घ्यावे. अलूएत-३ हे फ्रेंच हेलिकॉप्टर फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्यांदा उडाले, १९६२ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते परवान्यावर बनवण्याचा करार केला आणि आपण त्याचे नाव चेतक ठेवले. जखमी पायाने धन्याला रणातून बाहेर काढणाऱ्या घोड्याचे नाव सुचवणाऱ्याला पुढची साठ वर्षे तेव्हाच दिसली असावीत.

बारसे झाले की वय विचारण्याची खोड सोडावी. सांगाडा किती जुना, हा प्रश्नच गावंढळ आहे. मोजायचे ते सुट्या भागांचे तास. मुख्य रोटरची पाती, त्यांना धरणारा हब, गिअरबॉक्स, आर्तुस्त इंजिन अशा प्रत्येकाची नोंद वेगळी असते. काहींचे ठरावीक तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, करायचे, तर काहींचे तास भरले की ते दिसायला कितीही ठणठणीत असले तरी मोडीत काढायचे. चाळीस वर्षांच्या सांगाड्यावर परवाचा गिअरबॉक्स बसला की सरासरी वय किती सुखद निघते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

भाग वेळेवर आला नाही, तर हँगरच्या कोपऱ्यात एक हेलिकॉप्टर ‘तात्पुरते’ उभे करून ठेवावे. आधी त्याचे एखादे गेज काढावे, मग इंधनपंप, मग शेपटीचा गिअरबॉक्स. उघड्या पाइपांच्या तोंडांना टोप्या लावाव्यात आणि जिथून जे काढले तिथे चिठ्ठी बांधावी. काही महिन्यांनी यंत्रापेक्षा चिठ्ठ्याच जास्त दिसू लागतात, पण ताफ्याच्या मोजणीत ते एक नगच धरायचे असते.

अशा जोडकामाविषयी मनात किंतु असेल, तर चेतकच्या धाकट्या भावंडाकडे, चीता हेलिकॉप्टरकडे पाहावे. मुळात भारताच्या गरजेसाठी फ्रेंचांनी अलूएत-२ च्या सांगाड्यावर अलूएत-३ चे इंजिन आणि रोटर चढवून लामा घडवले, आणि तेच आपले सियाचिनच्या ठाण्यांवर रसद पोहोचवणारे चीता. जून १९७२ मध्ये झाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले, तिथे इंजिन विझले आणि ते नुसत्या फिरत्या पात्यांच्या भरवशावर सुखरूप खाली आले. तेव्हा एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये इंजिन बंद पडले तर काय, असे एखाद्या पायलटच्या घरच्यांनी विचारलेच, तर त्यांना हा विश्वविक्रम ऐकवावा. (बुले हे कसलेले चाचणी वैमानिक होते, हा तपशील तेवढा गाळावा.)

नवे घेण्याची भाषा मात्र अधूनमधून अवश्य करावी. २००७ मध्ये ठरत आलेली खरेदी रद्द झाली, पुन्हा निविदा निघाली, २०१४ मध्ये १९७ हेलिकॉप्टरांची ती निविदाही रद्द झाली आणि २०१५ मध्ये रशियाशी २०० कामोव्ह हेलिकॉप्टरांचा करार झाला, जो कागदावरून हवेत काही उडाला नाही. २०१६ मध्ये बेंगळुरूत स्वदेशी हलके हेलिकॉप्टर खरोखरच उडाले. चेतक आपले पुढच्या ओव्हरहॉलला गेले.

इतके सांगूनही आपल्याला कोरे चेतकच हवे असेल, तर तीही सोय आहे. पुण्याच्या बजाजने १९७२ मध्ये त्याच घोड्याच्या नावाने काढलेली स्कूटर मध्यंतरी बंद होऊन २०२० मध्ये विजेवर परत आली. फक्त ती घेऊन सियाचिनला निघताना चार्जर सोबत ठेवावा.