तेशिमालाही एक दिवस द्या

जपानमधल्या नाओशिमा बेटावर एकट्याने घालवलेल्या निवांत दिवसाचा एक लेख वाचला आणि शेजारचं तेशिमा बेट आठवलं. वास्तुरचनाकार र्‍यूए निशिझावा यांनी उभारलेल्या तिथल्या कला संग्रहालयात भिंतीवर एकही चित्र नाही. बिनखांबी पांढरं काँक्रीटचं कवच आणि छताला दोन मोठी मोकळी भोकं, बस. बूट काढून आत जायचं. जमिनीतून मोत्याएवढा थेंब वर येतो, थरथरतो, घरंगळत दुसऱ्याला मिळतो, अगदी अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा. कलाकार रेई नाइतो यांची कलाकृती ती हीच! तासभर जागची हलले नाही. सोबत कुणी असतं तर ‘चल आता’ म्हणालं असतं. तेशिमाच्या इयेउरा बंदरावर बॅटरीची सायकल भाड्याने मिळते. चढ दमवणारे आहेत, तीच घ्या. परतीच्या बोटीची वेळ मात्र आधीच बघून ठेवा.