वर ट्रम्प, खाली पगारवाढ
एका लेखात म्हटलंय की फ्लोरिडा आता पक्कं उजवं राज्य झालंय. अर्धंच पटलं. २०२० मध्ये तिथे ट्रम्प ५१ टक्के मतं घेऊन जिंकले, पण त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलरवर नेण्याचा, एरवी डाव्यांचा मानला जाणारा प्रस्तावही होता. मंजुरीला ६० टक्के लागत होते. निसटता का होईना, झाला पास! म्हणजे लाखोंनी ट्रम्प आणि पगारवाढ दोन्हीकडे खूण केली असणार. टाम्पाला राहणारा माझा मावसभाऊ त्यातलाच. 'समाजवाद' शब्द काढला की अंगावर येतो, वेतनाला मात्र 'हो' करून आला. छेडलं तर म्हणाला, "यात कसला आलाय समाजवाद? साडेआठ डॉलरात इथे घरभाडं तरी निघतं का?"