सागवानी बेस आणि पांढरी पाच

इलेक्ट्रिक बेस, म्हणजे खर्जातली गिटार, घरी बनवायला घेतला की सगळ्यात जास्त छळतो तो भोकाचा प्रश्न. वखारवाल्याने विचारलं, मिस्त्रींनी विचारलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यात अडवून विचारलं, "गिटार म्हणतोस, मग मधलं भोक कुठंय?" अमेरिकेतल्या लिओ फेंडरने 1951 साली असाच भरीव लाकडाचा बेस बाजारात आणला, हे मी सांगितलं. "त्यांच्याकडे लाकूड स्वस्त असेल," काकू म्हणाल्या.

जाणकार सांगतात, अ‍ॅश किंवा आल्डर घ्या. आमच्या वखारीत दोनच जाती: सागवान, आणि 'घेऊन टाका, सागवानासारखंच आहे'. मी सागवान घेतलं. "सात पिढ्या वाळवी लागणार नाही," अशी हमी मिळाली. वाळवीचं पुढच्या पिढ्या बघतील. माझा डावा खांदा मात्र पट्टा अडकवल्यापासून उजव्याच्या खालीच राहतो.

गॅलरीत लाकूड कोरायचा राउटर फिरवला त्या दिवशी शेजारच्या गॅलरीत कुरडया वाळत होत्या. यावर अधिक बोलत नाही.

फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या सूर ठरवणाऱ्या आडव्या धातूपट्ट्यांच्या, जागा आखायला मिस्त्रींना बोलावलं. तारेची लांबी 864 मिलिमीटर. तिला 17.817 ने भागायचं, म्हणजे पहिला फ्रेट साडेअठ्ठेचाळीसवर; उरलेल्या लांबीला पुन्हा 17.817 ने भागायचं, आणि असंच खाली खाली जात राहायचं. बारावा बरोब्बर मध्यावर, 432 ला आला की हिशेब जमला. मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, सारखे भाग पाडू की. दिसायला पण बरं दिसेल." अर्धा मिलिमीटर पॉलिशमध्ये जातो, या तत्त्वावर त्यांनी अख्ख्या पेठेतली कपाटं उभी केली आहेत. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

शेवटी तारा चढल्या, अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि घरभर घुंईऽऽ सुरू झालं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेची थरथर टिपायची सोडून तो भिंतीतली वीजच ऐकत बसतो. आत तांब्याची पट्टी चिकटवली, सोल्डरचे डाग पुन्हा दिले, ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद करायला गेलो तेव्हा बायकोने नुसतं पाहिलं. तारांना हात लावला की आवाज बसतो, कारण त्या ब्रिजमार्गे, म्हणजे ज्या धातूच्या घोडीवर टेकतात तिच्यामार्गे, अर्थला जोडलेल्या असतात. हात काढला की घुंईऽऽ.

तेवढ्यात मावशी आली. तिची गाण्याची तालीम जुनी. दारातच थांबून तिने डोळे मिटले. "पांढरी पाच. किंचित चढी आहे, पण लागलीय छान."

पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी. मी मोजून पाहिलं. जाड तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे पांढरी पाच, 49 हर्ट्झ. आपली वीज 50 हर्ट्झची. मावशीचा कान अर्ध्या श्रुतीलाही सोडत नाही.

चप्पल काढून ती सतरंजीवर बसलीसुद्धा. मी सवयीने तारांवर पंजा ठेवला.

"हात काढ रे," मावशी म्हणाली, "षड्ज बंद पडतो."