गेंडा एकच, मग किमतीत एवढा फरक का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या 'गेंडा' या छापचित्रावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्या चित्राच्या हजारो प्रती निघाल्या, त्यातल्या एका कागदाला 8,66,500 डॉलर देणं हा निव्वळ पैसेवाल्यांचा खेळ आहे, लिलावगृहं आकडे हवेतून काढतात, आणि तुमच्या भाच्याने जर्मनीहून तेच चित्र 60 युरोत आणलं, असं तुम्ही लिहिलंत. संताप कळतो. पण 2013 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात विकली गेलेली प्रत आणि भाच्याकडची प्रत यांना एका मापाने मोजणं मला मान्य नाही.

प्रती भरपूर निघाल्या हे खरंच. ड्यूररच्या हयातीतच चार-पाच हजार खपल्या असाव्यात, असा अंदाज मांडला जातो. खपणारच! गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशाहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला हा गेंडा जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून जहाजावर चढला आणि 20 मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलाच नव्हता. ड्यूररनेही पाहिला नाही. न्यूरेंबर्गमध्ये बसून, हाती आलेलं वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने तो उभा केला, म्हणून तर पाठीवर एक जादा शिंग आलं. अशी स्वस्तातली कुतूहलाची चित्रं लोक भिंतीला चिकटवत. ती फाटली, ओलीने गेली. पहिल्या आवृत्तीतली धड राहिलेली प्रत म्हणूनच इतकी दुर्मीळ आहे.

पहिली आवृत्ती ओळखायची कशी? चित्राच्या वरचा जर्मन मजकूर पाच ओळींचा असतो, तो फक्त याच आवृत्तीत. ड्यूरर 1528 मध्ये गेला, पण चित्र कोरलेला लाकडी ठसा राहिला आणि त्यावरून छपाई चालूच राहिली. एकूण आठ आवृत्त्या धरल्या जातात. ठसा जुना होत गेला तशी त्याला चीर पडली. ती गेंड्याच्या पायांतून जाते आणि पुढच्या छापांत पांढऱ्या रेघेसारखी दिसते. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅममध्ये याच ठशावर रंगाचा दुसरा ठसा जोडून प्रती काढल्या गेल्या. म्हणजे ठसा ड्यूररचा असूनही शंभर वर्षांनंतरची प्रत त्याच्या देखरेखीखालची नसते, आणि हे कागदावर डोळ्यांना दिसतं. यात हवेतून काढलेलं काय आहे?

त्याच्या तांब्याच्या पत्र्यांवरच्या कामात तर हा फरक आणखी बोलका आहे. तांबं मऊ, दर छपाईला दाब पडून बारीक रेषा झिजतात. सुरुवातीच्या छापात सावल्या मखमली काळ्या उतरतात, नंतरच्यांत त्या करड्या आणि सपाट होतात. 1514 च्या 'मेलेंकोलिया' या ताम्रचित्रात आकड्यांचा एक चौकोन आहे. त्यातला 9 सर्वांत आधीच्या छापांत उलटा आहे, पुढे ड्यूररने पत्रा दुरुस्त केला. योजेफ मेडर या अभ्यासकाने 1932 मध्ये व्हिएन्नात छापलेल्या सूचीत अशा खुणा, पत्र्यावर मागाहून पडलेले ओरखडे, कागदातले वॉटरमार्क (उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या कागद बनवणाऱ्याच्या खुणा) यांवरून छापांचा क्रम लावला. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये आजही चित्राच्या नावापुढे 'मेडर' आणि क्रमांक असतो तो यामुळे. त्यानंतर कडा किती कापल्यात, घडीवर कागद फाटून जोडलाय का, पुसट रेषा शाईने कुणी गडद केल्यात का, मागे कोणत्या संग्राहकाचा शिक्का आहे, हे पाहतात. मग तशाच दर्जाच्या आधी विकलेल्या प्रतींशी ताडून अंदाजित किंमत ठरते. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यासाठी एकेका कागदाकडे खरोखर बघावं लागतं.

एका बाबतीत तुमचं बरोबर आहे. अंदाज कागदावरून निघतो, शेवटची बोली निघत नाही. तिला हट्टाला पेटलेली दोन माणसं लागतात. शिवाय तो 8,66,500 चा आकडा कमिशनसकट आहे. हातोडा, म्हणजे शेवटची बोली, 7,20,000 वर पडला होता, वरचे 1,46,500 लिलावगृहाचे. अंदाजात हे कमिशन धरलेलं नसतं, त्यामुळे 'अंदाजाच्या कितीतरी पट' अशा बातम्या वाचताना आधी हे वजा करावं.

आता भाच्याच्या प्रतीबद्दल. कोपऱ्यात 'ए' आणि 'डी' अक्षरांची खूण आहे, म्हणून ती अस्सल, असं तुम्ही म्हणता. पण ती खूण ठशातच कोरलेली आहे, ती प्रत्येक नकलेतही उतरते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमां-ड्युरां या छापचित्रकाराने ड्यूररच्या ताम्रचित्रांच्या फोटोवरून इतक्या सुरेख नकला काढल्या की आजही लोक फसतात. त्यांच्या मागे बहुधा लाल शिक्का असतो. तुमची प्रत उलटून पाहा. मग दिव्यासमोर धरा: हातकागदात जाळीच्या समांतर रेघा दिसतील, यंत्राच्या कागदात बहुधा नाहीत. भिंगातून एकसारखे बारीक ठिपके दिसले, तर ती आधुनिक छपाई. गेंड्याच्या पायांचा, वरच्या मजकुराचा आणि मागच्या बाजूचा असे तीन फोटो पाठवा, मी नक्की पाहीन. तोवर फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका.