कोड बदलायचाय, पण माझा सोडून

विद्यापीठात एखाद्याच्या संशोधनाबद्दल दोन वाकडे शब्द बोललात तरी तो ऐकून घेईल, पण त्याच्या विभागाच्या अकाउंट कोडला, म्हणजे हिशेबात प्रत्येक नोंदीवर टाकायच्या त्या लांबलचक आकड्याला, हात लावून बघा. मी लावलाय. जुनी कोड रचना मोडून नवी बसवायच्या कमिटीत माझी वर्णी लागली, कारण काय तर मी अकाउंट्स सेक्शनचा आणि मला एक्सेल येतं (एवढ्या भांडवलावर माणसाचं वाटोळं होऊ शकतं).

जुना कोड कुणीतरी फार हुशारीने केलेला. पहिले दोन आकडे विभागाचे, पुढचा एक इमारतीचा, मग खर्चाचे. आता दोन आकड्यांत विभाग बसणार ९९, शंभरावा आला तेव्हा कुणीतरी गुपचूप इमारतीचा आकडा त्याला देऊन टाकला, मग विभागांनी इमारती बदलल्या, दोन विभाग एक झाले, एकाचे तीन झाले, आणि आज कोडवर विश्वास ठेवायचा तर भूगर्भशास्त्र विभाग मुलींच्या वसतिगृहात भरतो आणि पोहण्याचा तलाव तत्त्वज्ञानवाल्यांचा आहे.

नव्या रचनेचं तत्त्व एकच, एका खणात एकच प्रश्न. पैसा कुणाचा, तो फंड. खर्च करणारा कोण, तो विभाग. कशावर केला, ते अकाउंट, म्हणजे १ ने सुरू होणारी मालमत्ता, २ देणी, ३ निधी, ४ उत्पन्न, ५ खर्च. मग कशासाठी, शिकवायला की संशोधनाला की नुसतंच प्रशासन. आणि शेवटी प्रोजेक्ट. फंड वेगळा ठेवायचा कारण शिष्यवृत्तीसाठी आलेल्या देणगीतून गळकं छप्पर दुरुस्त करता येत नाही, कितीही गळत असलं तरी. १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने व्हेनिसमध्ये जमा-नावेची पद्धत छापून काढली ती व्यापाऱ्यांसाठी, त्यांना एकच मालक आणि एकच खिसा. डीन नव्हते.

आमच्याकडे आहेत. मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत की कोड फार झालेत, कमी करा, आणि मग प्रत्येकजण स्वतःची वाढीव यादी खिशातून काढतो. एका सरांना मायक्रोस्कोपच्या बल्बसाठी वेगळं हेड, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, हवं होतं. मी म्हटलं, "सर, प्रयोगशाळा साहित्यात टाका की." तर म्हणे, "अहो, मागे ऑडिटरने विचारलं होतं." झालं! या वाक्यापुढे भले भले गार पडतात, बल्बला हेड मिळालं.

सगळ्यात मोठं हेड मात्र निघालं "किरकोळ खर्च". किरकोळ म्हणजे त्यात खुर्च्या, विमानाची तिकिटं, सॉफ्टवेअरची लायसन्स, काय वाट्टेल ते. त्याच्याखाली "किरकोळ खर्च - इतर", त्याच्याखाली "किरकोळ खर्च - इतर (जुना)", आणि एक "वापरू नये" नावाचं हेड, ज्यात आदल्याच दिवशी एंट्री पडलेली. पुसून टाकावं तर तेही नाही, जुन्या वर्षांच्या नोंदी त्याला लटकलेल्या असतात, फार तर बंद करून ठेवायचं.

मग मॅपिंग. चार जुन्या हेडांचं एक नवं करायला काही लागत नाही, एका जुन्याचे चार करताना मात्र शिल्लक वाटावी लागते आणि तिथे भाऊबंदकी सुरू होते. त्यात नवा कोड १८ आकडी. एका विभागाने कोडची यादी एक्सेलमध्ये उघडली, सगळीकडे १.१ई+१७ दिसायला लागलं, त्यांनी ते तसंच सेव्ह करून परत पाठवलं. एक्सेल आकड्याचे १५च अंक धरतं, पुढच्यांच्या जागी शून्य. त्यामुळे प्रोजेक्ट १०४१२ आणि १०४३७ दोन्ही १०००० झाले, एकाचा लेझर आणि दुसऱ्याचं उत्खनन एकाच ग्रँटमध्ये. उत्खननवाले खूश होते, तक्रार लेझरकडून आली. त्यानंतर प्रत्येक फाईलवर मी "कोडचा कॉलम टेक्स्ट ठेवा" असं लाल अक्षरात लिहायला लागलो, जे कुणी वाचत नाही.

वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी रचना चालू झाली. जुना ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि नवा ट्रायल बॅलन्स पैशापैशाला जुळला, आणि ज्या सस्पेन्स खात्यात (कुठे टाकायच्या ते न कळलेल्या रकमा जिथे ठेवतात) वर्षानुवर्षं कुणाचं काय पडलंय ते देवालाही माहीत नव्हतं, तेही झाडून शून्यावर आणलं. पुढे ऑडिटर आले, यादीवरून बोट फिरवत त्या शून्यापाशी थांबले, चष्मा काढला, परत लावला.

"सस्पेन्समध्ये काहीच नाही? असं कसं? लेखी द्या."