सिनेमाचं लेखापरीक्षण

हिरोची जीप भर बाजारात घुसते. टोमॅटोचा ढीग उधळते, अंड्यांची चळत पाडते, दोन माणसांनी आडवी धरलेली भलीमोठी काच फोडते आणि खलनायकामागे सुसाट निघून जाते. (ही काच जगातल्या सगळ्या शहरांत बरोबर पाठलागाच्या वेळीच रस्ता ओलांडायला का निघते, हा आणखी एक प्रश्न.) साधा माणूस अशा वेळी श्वास रोखून बघतो. माझी आत्या म्हणते, "थांबव जरा."

मी रिमोटचं बटण दाबतो. जीप अधांतरी लटकते.

"याचा पंचनामा कोण करणार?"

आत्या जिल्हा परिषदेत हिशेब तपासायला होती. खडीकरणाची बिलं, हातपंपांची दुरुस्ती, शाळांच्या कौलांची खरेदी, सगळं तिच्या चष्म्याखालून गेलेलं. नोकरीतून ती कधीच निवृत्त झाली, चष्मा मात्र अजून रुजू आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती आमच्याकडे मुक्कामाला आली, डॉक्टरांनी पाय वर घेऊन बसायला सांगितलं, आणि पाय वर घेतला की बरोबर समोर आमचा टीव्ही येतो.

"अगं आत्या, शहरात बॉम्ब ठेवलाय. तो लोकांचे जीव वाचवायला चाललाय."

"वाचवू दे की! मी कुठे नको म्हणते? पण शहर वाचवायचा खर्च एकट्या अंडीवाल्याच्या डोक्यावर का? ही रक्कम हिरोकडून वसूलपात्र आहे."

तिला जरा शांत करावं म्हणून मी सांगितलं की ती काच खरी नसते. पूर्वी अशा काचा साखरेच्या पाकापासून करत, आता रेझिनच्या करतात, म्हणजे कोणाला लागत नाही. आत्याने चष्मा सारखा केला. "साखरेच्या? एका काचेला किती किलो?" मी मोबाइल काढला. जीप तशीच लटकत राहिली. इथून आमच्या घरातल्या सिनेमाची लांबी वाढायला सुरुवात झाली.

खरं तर तिची तपासणी सिनेमा सुरू होण्याच्या आधीच सुरू होते. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं तेव्हा बाकीचे लोक पॉपकॉर्न फोडत असतात. आत्या ते दाखल्यासारखं वाचते. सही आहे का, तारीख आहे का. एका जुन्या सिनेमाच्या प्रमाणपत्रावर रिळांचा आकडा दिसला आणि तिने विचारलं, एवढी रिळं म्हणजे लांबी किती भरते? हिशेब तसा सोपा आहे. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. तीन तासांचा सिनेमा म्हणजे 16,200 फूट, जवळजवळ पाच किलोमीटर.

"पाच किलोमीटर!" आत्या गहिवरलीच. "आमच्याकडे एवढा रस्ता व्हायला तीन आर्थिक वर्षं जायची. आणि ह्यात गाणीसुद्धा धरलीत?"

पण तिचा सगळ्यात जुना आणि अजून न मिटलेला आक्षेप पुढच्या पाटीवर आहे. 'या चित्रपटातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक असून...' ही पाटी जाते न जाते तोच दुसरी येते, 'सत्य घटनेवर आधारित'. आत्याचं म्हणणं, एकाच कामाची दोन मोजमापं कशी? खड्डा खणलाय की नाही, एक काय ते सांगा.

ह्या प्रश्नाच्या मागे लागून मी थेट रशियाला पोचलो. 1916 च्या डिसेंबरात प्रिन्स युसुपोव्ह आणि त्याच्या साथीदारांनी रासपुतीनला, म्हणजे झारच्या घरात वजन असलेल्या एका साधूला, ठार मारलं. हे काही गुपित नाही. युसुपोव्हने स्वतःच पुस्तक लिहून जगाला सांगितलं. पुढे क्रांती झाली, राजघराणं संपलं, युसुपोव्ह नवरा-बायको परदेशात जाऊन राहिले. 1932 साली हॉलिवूडच्या एमजीएमने रासपुतीनवर सिनेमा काढला. त्यात राजकुमाराचं नाव बदललेलं, राजकन्येचंही नाव बदललेलं, आणि त्या राजकन्येची अब्रू रासपुतीन घेतो असं सुचवलेलं. युसुपोव्हची बायको प्रिन्सेस इरिना हिने लंडनच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला आणि 1934 मध्ये तिला 25,000 पौंडांची भरपाई मिळाली. गंमत म्हणजे सिनेमाच्या सुरुवातीला कंपनीने मोठ्या ऐटीत पाटी लावली होती की ह्यातली काही पात्रं अजून हयात आहेत, बाकीच्यांना हिंसक मरण आलं. म्हणजे दावा कोणी लावायचा, त्याचा पत्ता यांनीच छापला. तेव्हापासून कंपन्या शहाण्या झाल्या आणि 'सर्व पात्रे काल्पनिक' ही पाटी सिनेमाच्या कपाळी कायमची चिकटली.

आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे नवऱ्याला खुनी दाखवलं, त्यावर यांची हरकत नाही."

"नाही. तो तर ते अभिमानाने सांगायचा."

"खून मान्य, बदनामी अमान्य." तिने मान डोलावली. "कागदपत्रं पक्की असणार त्यांची."

आमचे चिरंजीव शेजारी बसून हे सगळं ऐकत होते. पुढच्याच आठवड्यात शाळेतून 'माझे बाबा' हा निबंध तपासून आला. खाली त्याच्या अक्षरात एक ओळ होती, 'या निबंधातील सर्व पात्रे काल्पनिक असून कोणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.' बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती, हे मला जास्त लागलं.

बायको ह्या सगळ्यातून लवकर बाहेर पडली. ती आता आतल्या खोलीत कानात इअरफोन घालून मोबाइलवर सिनेमे बघते आणि ते संपतात. मला हेवा वाटतो. मला कित्येक सिनेमांचे शेवट माहीत नाहीत, पण त्यातलं कोणीही घरी नीट जेवत का नाही हे माहीत आहे. आत्यालाच खुपलं होतं ते. सिनेमातली आई पहाटे उठून टेबलभर नाश्ता मांडते, मुलगा धावत येतो, "आई, उशीर होतोय" म्हणत टोस्टचा एक तुकडा मोडतो आणि पळतो. अन्नाची ही नासाडी आत्याला बघवत नाही. पण सिनेमात कोणी नीट जेवत नाही त्याचं कारण असं की एकच प्रसंग पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी चित्रित करतात. दर वेळी टोस्ट तितकाच खाल्लेला दिसायला हवा. खरोखर खात बसला तर नट दुपारपर्यंत वीस टोस्ट रिचवेल, म्हणून कोणी नुसतं चिवडतं, कोणी घास तोंडात घेऊन 'कट' म्हणताच बादलीत थुंकतं.

"मग उपमा तरी दाखवू नका," आत्या म्हणाली. "बिस्किटात भागवा."

पाऊस पडू लागला की दिवे मागून लावतात, कारण समोरून उजेड टाकला तर कॅमेऱ्याला धारा दिसतच नाहीत, ही माहिती तिने दोन वाक्यांत निकाली काढली. टँकर कुठून आला एवढंच विचारलं. मात्र प्रोजेक्टरची गोष्ट सांगून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

जुन्या थिएटरांत फिल्म सलग धावायची नाही. एक चित्र दिव्यासमोर थांबायचं, मग पुढचं सरकायचं, सेकंदाला चोवीस वेळा. सरकतानाची फरफट दिसू नये म्हणून तेवढा क्षण एक फिरती पाकळी उजेड अडवायची. शिवाय पडदा लुकलुकू नये म्हणून प्रत्येक चित्र थांबलेलं असताना ती आणखी एकदा आडवी यायची. म्हणजे पडदा सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा उजळायचा आणि तितक्याच वेळा काळाकुट्ट व्हायचा. एकूण जमाखर्च मांडला तर तीन तासांच्या सिनेमात आपण साधारण दीड तास अंधाराकडे बघत बसलेलो असायचो. डोळ्यांना ते कळायचं नाही, मधल्या जागा ते आपणच भरून घ्यायचे.

आत्या बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, ह्या माहितीने तिला अंतर्मुख केलं.

"तुझे आतोबा नेहमी बाल्कनीचं तिकीट काढायचे," ती म्हणाली. "लग्नापासूनचे सगळे सिनेमे धर. त्यातले निम्मे पैसे परत यायला हवेत."

फाळक्यांपुढे तरी ती नमेल अशी माझी आशा होती. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली लंडनला गेलेला माणूस! तिथून यंत्र आणलं, आणि 3 मे 1913 ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके जास्त पगारावर आणले आणि त्यांना नऊवारी नेसवलं. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"म्हणजे रामाच्या मूळ पदावर राहून सीतेचा अतिरिक्त कार्यभार." आत्याचे डोळे चमकले. "त्याचा भत्ता वेगळा मिळतो. मिळाला का त्यांना?"

'लंकादहन'च्या तिकिटांची नाणी गोण्यांत भरून बैलगाडीने पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असं सांगतात. एवढं उत्पन्न ऐकून तिला भत्त्याबद्दल आशा वाटली असावी. मग मी फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल सांगितलं. त्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि वर फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं कामही करायच्या. यावर मात्र आत्याने विनोद केला नाही. "त्यांचं नाव कुठल्या रकान्यात लिहिलंय?" एवढंच म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला.

गुडघा जरा वळायला लागल्यावर तिला मल्टिप्लेक्समध्ये नेलं. मला वाटलं, तिथे रिमोट नाही, म्हणजे आक्षेप नाहीत. अंधार झाला. पाचव्या मिनिटाला नायकाने विमानतळाच्या दारात गाडी तशीच उघडी टाकली आणि नायिकेला अडवायला आत धावला. "किल्ली गाडीतच राहिली!" आत्या अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून "शूऽऽ" केलं. मी खुर्चीत शक्य तितका खाली सरकलो. मध्यंतरात दिवे लागले, तसे ते गृहस्थ पुन्हा वळले. मी माफी मागायच्या तयारीत होतो. ते आत्याकडे झुकून म्हणाले, "मावशी, पण टो करून नेली असेल ना हो गाडी?" मग मध्यंतरभर ती दोघं दंडाचा दर आणि पार्किंगची पावती यांवर बोलत होती. समोसे मी एकट्याने खाल्ले.

हे सगळं एकीकडे आणि रात्रीचा फोन एकीकडे. आत्याची धाकटी बहीण संगमेश्वरला असते आणि बघितलेल्या सिनेमाची गोष्ट आत्या तिला फोनवर सांगते. परवा आम्ही एक प्रेमकथा अर्ध्यावर थांबवली होती. नवरी भर मांडवातून प्रियकराबरोबर पळते, तिथे. मी पाणी प्यायला उठलो तर आत्याचा फोन चालू होता.

"अगं, एक आचारी असतो," ती सांगत होती. "दिसत नाही तो, पण आहे. पाचशे पानांचं काम घेतलेलं. मोठी पातेली दुसऱ्याकडून भाड्याने आणलीत, बायकोच्या भावाला मदतीला बोलावलंय. जिलब्या पाकात पडल्यात. आणि वर मांडवात नवरी पळाली! सनई बंद. सगळे धावतायत, रडतायत. खाली याला कोण सांगणार? हा आपला पुऱ्या तळतोय. तळतोय आणि एक पोरगा सारखा येऊन विचारतोय, वाढू का, वाढू का..."

मी पेला हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. चिरंजीव वहीतून डोकं वर काढून ऐकत होते. आतून बायको आली, तिने एका कानातला इअरफोन काढला, मग दुसराही काढला. टीव्हीवर नवरी आणि तिचा प्रियकर घोड्यावर बसून थिजले होते. त्यांच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

"मग?" बायकोने विचारलं.

आत्याने हात वर करून तिला थांबवलं, कारण पलीकडून धाकटी काहीतरी विचारत होती. "हो गं... ते बघायचं राहिलंच," असं म्हणून आत्याने फोनवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"जरा मागे घे रे. आचाऱ्याला विसार दिला होता का विचारतेय. मुलीचा बाप मांडवात कोणाच्या तरी हातात पाकीट देत होता बघ."