बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, अर्जंट

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. मामाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं, 'प्लाझ्मा, २ युनिट'. म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव भाग. मामेभाऊ आणि मी रात्रभर फोन लावत बसलो. पहाटे एक मुलगा देवासारखा धावून आला. मामा वाचला. घरात अजून सगळे म्हणतात, प्लाझ्मानेच वाचला. मी वाद घालत नाही, आईसमोर तर नाहीच.

पण प्लाझ्माचा निकाल तेव्हा लागून गेला होता, आणि तोही आपल्याच देशात! आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के गंभीर झाले किंवा दगावले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापून आलं. सरकारी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत किती जणांनी अशा रात्री काढल्या असतील!

याउलट डेक्सामेथासोन. जुनं, स्वस्त स्टिरॉइड. ब्रिटनमध्ये साथ ऐन भरात असताना साध्या सरकारी वॉर्डांत चाचणी चालू होती. औषध कोणाला द्यायचं हे डॉक्टर नव्हे, कॉम्प्युटर ठरवायचा, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. जून २०२० मध्ये उत्तर मिळालं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा नाही. आपल्याकडे काय झालं? आजाराच्या दुसऱ्याच दिवशी, साध्या तापात, घरी बसून लोकांनी हेच स्टिरॉइड घेतलं. पुढे साखर चढली, काहींना काळी बुरशी झाली.

विषाणूचं गणित वेळेचं असतं. तो वाढतो पहिल्या काही दिवसांत, तेव्हा विषाणूरोधक औषध हवं. स्वाइन फ्लूची गोळीसुद्धा ४८ तासांत सुरू केली तरच नीट लागू पडते (२००९ मध्ये आम्हा पुणेकरांना ही पाठ झाली होती). नंतर शरीराचीच प्रतिक्रिया अंगावर उलटते, स्टिरॉइडचं काम तिथे. म्हणजे रुग्णाच्या तपासणीचा रिपोर्ट पाचव्या दिवशी हातात आला, तर उत्तमातलं औषधही कपाटातच राहणार.

लस, नवी औषधं, संशोधन, सगळं हवंच. पण पुढच्या साथीसाठी मला एक कंटाळवाणी गोष्ट मागायची आहे. जिल्हा रुग्णालयांत औषधांच्या अशा चाचण्यांची तयारी आत्ताच व्हावी: परवानग्या, फॉर्म, नर्सचं प्रशिक्षण. आणि निकाल लागला की आठवड्याभरात तो चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरच्या मोबाइलवर पोचावा. त्या रात्रीच्या डॉक्टरवर माझा राग नाही. तीन दिवस झोपला नव्हता बिचारा, आणि समोर आम्ही होतो, 'काहीतरी करा ना' म्हणत.